आयबीएसचा झटका: आधी ओळखा, मग पैसे काढा

पोटात मुरडा मारतो. सकाळी तीनदा जाऊन आलं तरी ‘पोट साफच नाही होत’. कधी थोडी आव पडते, पोट ढोलासारखं फुगतं, आणि दोन दिवसांनी सगळं आपोआप शांत होतं. असं महिनोन्‌महिने सोसणारा माणूस आपल्याकडे ठरलेल्या वाटेने फिरतो. आधी औषध दुकान: तिथे अमिबा समजून जंतुनाशक गोळ्यांचं पान मिळतं. मग बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेणं. मग कुणीतरी अकोल्याचा पत्ता देतं, तिथे सोनोग्राफी, एंडोस्कोपी, कधी सीटी स्कॅनसुद्धा होतो आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. घरचे म्हणतात, ‘तुला काहीच नाही.’ दुखणं मात्र तसंच राहतं आणि पुढच्या महिन्यात नवा डॉक्टर, नवी फाइल सुरू होते.

या दुखण्याचं नाव इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस, असू शकतं. यात आतड्याला जखम नसते, गाठ नसते. आतड्याच्या नसा गरजेपेक्षा जास्त संवेदनशील झालेल्या असतात आणि आतड्याची हालचाल कधी फार वेगात तर कधी फार सुस्त होते. म्हणून सोनोग्राफीत काही दिसत नाही. दिसत नाही म्हणून दुखत नाही, असा अर्थ घरच्यांनी काढू नये. रोगी नाटक करत नसतो. मोठ्या हगवणीनंतर हा त्रास मागे राहणं नेहमीचं आहे. पोटाच्या अशा संसर्गातून उठलेल्या साधारण दहातल्या एकाला तो जडतो, असं अभ्यास सांगतात.

या आजारात पैसा जातो तो औषधांच्या किमतीमुळे कमी आणि क्रम चुकल्यामुळे जास्त. म्हणून रिसोड आणि आसपासच्या गावांतल्या वाचकांसाठी तो क्रम, खर्चासह, इथे मांडतो आहे. खासगी दर साधारण पट्ट्यात दिले आहेत. लॅबगणिक फरक पडतो, तेव्हा नमुना देण्याआधी दर विचारून घ्यावा.

पहिला खर्च वीस रुपयांचा

एक वही घ्या. आयबीएस ओळखण्यासाठी जगभर वापरतात ते २०१६ चे ‘रोम’ निकष कुठल्याही यंत्रावर चालत नाहीत, रोग्याच्या सांगण्यावर चालतात. गेले तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखतं का? त्या दुखण्याचा शौचाशी संबंध आहे का, म्हणजे जाऊन आल्यावर कमी किंवा जास्त होतं का? दुखायला लागल्यापासून जाण्याच्या वेळा बदलल्या का? शौचाचं रूप बदललं का? या शेवटच्या तीन प्रश्नांपैकी दोहोंना ‘हो’ असेल आणि सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची असेल, तर डॉक्टर आयबीएसचा विचार करतात. ही उत्तरं वहीत लिहिलेली असली की पहिल्याच भेटीत काम होतं. नसली की डॉक्टर अंदाज बांधतात आणि अंदाजाची भरपाई तपासण्यांनी होते.

वहीत रोज चार गोष्टी पुरतात: काय आणि किती वाजता खाल्लं, किती वेळा जावं लागलं, शौच खड्यासारखं होतं की पाण्यासारखं, आणि त्या दिवशी मनावर काय होतं. शेवटची गोष्ट लिहायला लोक कचरतात. ती लिहाच. बँकेचा हप्ता, कोर्टाची तारीख, पोरीची दहावी, सोयाबीन काढून ठेवलं आहे आणि बाजार समितीत भाव मनासारखा नाही, हे सगळं पोटावर उतरतं. मेंदू आणि आतडं यांच्यात नसांचा थेट रस्ता आहे. त्यावरून बातमी दोन्ही बाजूंनी जाते.

दोन-तीन आठवड्यांची वही समोर ठेवली की झटका येण्याआधीच्या खुणा दिसू लागतात. काहींना आदल्या संध्याकाळपासून पोटात गुडगुड होते, ‘गॅस धरला’ असं वाटतं, पायजम्याची नाडी किंवा परकराची गाठ सैल करावीशी वाटते. काहींना जेवण संपता संपता घाई होते. अन्न पोटात पडलं की मोठं आतडं आकसतं, ही निसर्गाची रीत. आयबीएसमध्ये ते फारच जोरात आकसतं. डाव्या बाजूला खाली कळ येणं, कंबर भरून येणं, मळमळणं, शौच आधी बांधलेलं आणि पुढच्या फेरीत पातळ होणं, चिकट पांढरी आव पडणं, याही खुणा आहेत. बद्धकोष्ठतेच्या प्रकारात दोन-तीन दिवस काहीच न होणं हीच पूर्वसूचना असते. बायकांमध्ये पाळीच्या आधीचे दिवस वहीत वेगळे खुणावून ठेवावेत. त्या दिवसांत त्रास वाढणं नेहमीचं आहे. आणि पांढरी आव पडली म्हणजे अमिबा झालाच असं नाही. या एका गैरसमजावर आपल्याकडे जंतुनाशकांची पानंच्या पानं संपतात, आणि वारंवार घेतलेली जंतुनाशकं आतड्यातल्या उपकारक जिवाणूंची घडी आणखी विस्कटतात.

इथे पैसे वाचवू नका

पुढच्यापैकी एकही गोष्ट असेल तर ‘मला आयबीएस आहे’ असं स्वतःच ठरवून बसू नका. शौचातून रक्त पडणं किंवा ते डांबरासारखं काळं होणं. प्रयत्न न करता वजन उतरणं. गाढ झोपेतून शौचासाठी उठावं लागणं. आयबीएसचा रोगी सहसा रात्री झोपतो. ताप. रक्त कमी असल्याचा रिपोर्ट. पोटात हाताला गोळा लागणं. पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास. घरात कुणाला आतड्याचा कर्करोग किंवा आतड्याला सूज येण्याचा आजार. सतत उलट्या, पोट टम्म फुगून वारा सरणंही बंद होणं, ही तर त्याच रात्री रुग्णालयात जाण्याची वेळ. १०८ ची रुग्णवाहिका मोफत येते.

मूळव्याध असेल म्हणून रक्ताकडे वर्ष-वर्ष काणाडोळा करणारे लोक आपल्या तालुक्यात कमी नाहीत. मला सगळ्यात काळजी त्यांची वाटते. अशा वेळी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून पाहणं, गरजेची असते. खासगीत ती साधारण ४,००० ते १२,००० रुपयांना पडते. आतडं रिकामं करायचं औषध, भूल आणि तुकडा काढून तपासणं यांचे पैसे कधी त्यात धरलेले असतात, कधी नसतात; ते आधी विचारा. तपासात कर्करोग निघालाच तर त्याचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. योजनेची चौकशी १५५३८८ या क्रमांकावर करता येते. साध्या आयबीएससाठी डॉक्टरांना दाखवणं आणि गोळ्या घेणं मात्र या योजनेत येत नाही, हेही लक्षात असू द्या.

कुठे दाखवायचं

धोक्याची खूण नसेल तर पहिली पायरी रिसोडचं ग्रामीण रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि ग्रामीण रुग्णालयं त्यात येतात. रक्ताचे नमुने महालॅब योजनेतून तपासले जातात. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड यांसाठी खासगीत हजार रुपये मोडण्याआधी इथे विचारा. रिपोर्टला एक-दोन दिवस लागले तरी आयबीएसमध्ये त्याने काही बिघडत नाही.

फिजिशियनला दाखवायची वेळ आली तर वाशिम. तिथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि जिल्हा रुग्णालय त्याला जोडलेलं आहे. केसपेपर काढतानाच खिडकीवर शुल्क विचारून घ्या. लागलं तरी ते सरकारी दराचं असतं. रिसोड ते वाशिम साध्या एसटीने जायला साधारण ऐंशी-नव्वद रुपये. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ च्या पुढे प्रवास मोफत. आधार कार्ड बरोबर ठेवा. अकोल्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय शंभरेक किलोमीटरवर आहे. पोटविकारतज्ज्ञ गाठायचा तर बहुतेकांना तिकडे किंवा छत्रपती संभाजीनगरला जावं लागतं, आणि तिथे तपासणी फी, जाणं-येणं, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज धरून एका फेरीला दीड-दोन हजार सहज जातात. म्हणून ती फेरी वही आणि आधीचे सगळे रिपोर्ट घेऊनच करावी. घरबसल्या ई-संजीवनीवरून सरकारी डॉक्टरांशी मोफत बोलता येतं. गोळ्यांबद्दलची शंका विचारायला किंवा रिपोर्ट दाखवायला तेवढं पुष्कळदा पुरतं.

कुठली तपासणी, किती रुपयांची

धोक्याची खूण नसलेल्या तरुण माणसाला बहुधा थोडंच लागतं. सीबीसी २०० ते ४०० रुपये, सीआरपी ३०० ते ६००, थायरॉइडची टीएसएच २५० ते ५००, शौचाची साधी तपासणी १०० ते २५०. म्हणजे सगळं खासगीत केलं तरी साडेआठशे ते पावणेदोन हजारांत आटोपतं. पातळ शौचाचा प्रकार असेल तर डॉक्टर आणखी दोन तपासण्या सांगू शकतात. एक गव्हाच्या असह्यतेची, टीटीजी, ९०० ते १,८०० रुपयांची. दुसरी शौचातलं कॅलप्रोटेक्टिन, २,००० ते ४,००० रुपयांची. आकडा मोठा दिसतो, पण ती नॉर्मल आली की आतड्याला सूज नसल्याचा चांगला भरवसा मिळतो आणि बहुधा कोलोनोस्कोपीचा खर्च टळतो. मात्र आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर कॅलप्रोटेक्टिनचं प्रमाण उगाच वाढतं. त्या घेत असाल तर नमुना देण्याआधी डॉक्टरांना सांगा.

पैसे जाऊ नयेत अशा जागाही आहेत. एकाच वर्षात तिसरी सोनोग्राफी (७०० ते १,५०० रुपये) नवं काही सांगत नाही. धोक्याची खूण नसताना सीटी स्कॅनही नको. रक्तावरून ‘तुम्हाला कोणते अन्न सोसत नाही’ याची शंभर पदार्थांची यादी देणारी पॅकेजं हजारो रुपयांना विकली जातात. आयबीएससाठी ती करू नयेत. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी या तज्ज्ञसंस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही अशा सरसकट चाचण्यांना विरोध आहे, आणि धोक्याची खूण नसलेल्या ४५ वर्षांखालच्या रोग्याला नेमाने कोलोनोस्कोपी करण्यालाही. दुधाची असह्यता तपासायला शहरात श्वासाची चाचणी मिळते. तीऐवजी दोन आठवडे चहासकट दूध बंद करून पाहा, एक रुपयाही लागत नाही.

औषधांचं बिल

इसबगोल हे सगळ्यात स्वस्त आणि बद्धकोष्ठता व पातळ शौच दोन्ही प्रकारांत उपयोगी पडणारं औषध. शंभर ग्रॅमचा डबा दीडशे रुपयांच्या आसपास मिळतो. सुरुवात अर्ध्या चमच्याने करा आणि हळूहळू वाढवा. एकदम दोन चमचे घेतले तर पोट फुगतं आणि माणूस औषधालाच नावं ठेवतो. त्यावर ग्लासभर पाणी हवंच. गव्हाचा कोंडा मात्र याला पर्याय नाही, आयबीएसमध्ये तो बऱ्याच जणांचा त्रास वाढवतो. सोनामुखी घातलेली चूर्णं रोज घेण्याची सवयही लावून घेऊ नका.

मुरड्यासाठी डॉक्टर मेबेव्हरिन देतात. गोळी आठ ते पंधरा रुपयांना असते आणि दिवसाला तीन लागतात, म्हणजे महिन्याचा खर्च सातशेवीसपासून साडेतेराशेपर्यंत जातो. त्रासाच्या आठवड्यांपुरतीच घेतली तर चालेल का, हे विचारून घ्या. डायसायक्लोमिन, हायोसिन स्वस्त आहेत, पण काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. लोपेरामाइड दोन-चार रुपयांची गोळी. ताप असताना किंवा शौचात रक्त असताना ती अजिबात नको, लहान मुलांना तर नकोच. रिफॅक्सिमिनचा चौदा दिवसांचा कोर्स दीड-दोन हजारांचा. तो तज्ज्ञाने सांगितला तरच घ्यावा.

अमिट्रिप्टिलिन ही दोन-तीन रुपयांची जुनी गोळी डॉक्टरांनी अगदी कमी मात्रेत लिहिली की लोक घाबरतात: ‘मला वेड्याची गोळी दिली.’ तसं नाही. ती कमी मात्रेत आतड्याच्या नसा शांत करते. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अ‍ॅटलांटिस चाचणीत साध्या फॅमिली डॉक्टरकडच्या रोग्यांनाही तिचा फायदा दिसला. झोप येते, तोंड कोरडं पडतं, म्हणून ती रात्री घ्यायची. सुरू आणि बंद दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

प्रोबायोटिक कॅप्सूल १५ ते ४० रुपयांना एक. अमेरिकन संस्था त्या सुचवत नाही. ब्रिटिश तज्ज्ञ म्हणतात, हवं तर बारा आठवडे घेऊन पाहा, फरक नसेल तर थांबवा. हात आखडता असेल तर हा खर्च सगळ्यात आधी कापावा, असं माझं मत आहे.

चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा. जनऔषधी केंद्रात तीच औषधं बाजारभावापेक्षा निम्म्याहून कमी दरात मिळू शकतात. जवळचं केंद्र आणि दर ‘जनऔषधी सुगम’ अ‍ॅपवर दिसतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा बिलावर नजर टाका.

ताटात काय बदलायचं

ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने एक आहारपद्धत बसवली आहे. आतड्यात आंबून वायू करणाऱ्या काही साखरा असतात; त्या असलेले पदार्थ दोन ते सहा आठवडे कमी करायचे आणि मग एकेक करून परत आणून पाहायचे. आपल्या ताटात या साखरा कांदा, लसूण, गहू, तुरीचं वरण, बेसन, हरभरा, दूध, फ्लॉवर, आंबा आणि सीताफळ यांत जास्त असतात. म्हणजे झुणका आणि कांद्याची फोड हा आपला आवडता बेत तेवढे दिवस बाजूला ठेवावा लागतो. चांगली गोष्ट अशी की ज्वारीची भाकरी आणि भात चालतात. वांगं, गाजर, पालक, काकडी चालतात. संत्रं आणि पपई चालते. मुगाची डाळ थोडी, आधी भिजवून ते पाणी टाकून दिलेली, तुरीच्या डाळीपेक्षा सोसते आणि जवळपास त्याच भावात येते. लसणाची चव हवी तर पाकळ्या तेलात परतून काढून टाका. त्या साखरा पाण्यात उतरतात, तेलात उतरत नाहीत. ठेच्याची मिरची वेगळ्या वाटेने त्रास देते: तिखटाने आतड्याच्या नसा चेतवल्या जातात.

सहा आठवड्यांच्या पुढे हे ताणू नका. आयुष्यभर वरण सोडून बसलेला माणूस अशक्त होतो. गरोदर बाई, वाढती मुलं, आधीच किडकिडीत असलेली माणसं यांनी तर हा प्रयोग सल्ल्याशिवाय करूच नये.

खर्रा आणि चहा वहीत लिहा. ‘खर्रा घेतल्याशिवाय पोट साफ होत नाही’ असं म्हणणारे विदर्भात गावोगाव भेटतील. तंबाखू आतड्याला डिवचते, म्हणून घाई होते. त्याला पोट साफ होणं म्हणत नाहीत. रोजच्या दोन खर्ऱ्यांच्या पैशात महिन्याचं इसबगोल कितीतरी वेळा येईल.

झटका आलाच तर

खूण ओळखू आली की जेवण निम्मं करा, पण दिवसभर उपाशी राहू नका. रिकाम्या पोटानंतरचं मोठं जेवण दुसरा झटका आणतं. गरम पाण्याची पिशवी (दोन-तीनशे रुपये, वर्षानुवर्षं टिकते) खालच्या पोटावर कापडावरून ठेवा. पोट वर येईल असा सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा, पाच-दहा मिनिटं. पातळ होत असेल तर ओआरएसचं पुडकं पूर्ण लिटरभर पाण्यात कालवून घोटघोट प्या; अर्ध्या पुड्याचे अंदाज नकोत. सोसेल तेवढी मऊ भाताची पेज घ्या. बद्धकोष्ठतेत कुंथू नका. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या, म्हणजे उकिडवं बसल्यासारखं होतं.

प्रवासाची भीती हा या आजारातला मोठा त्रास, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. एसटी पकडायच्या आधी निदान दोन तास मोठं जेवण आणि चहा टाळा, स्टँडवरचं स्वच्छतागृह गाडी लागण्याआधी पाहून ठेवा, सुट्टे पैसे, पाणी, ओआरएस आणि डॉक्टरांनी आधी सांगितलेली गोळी पिशवीत ठेवा. वाहकाला गाडी थांबवा म्हणताना लाजू नका. सुना-मुली गावाला किंवा लग्नाला गेल्यावर लाजेपायी तासन्‌तास दाबून धरतात, पाणीच पीत नाहीत. सासूबाईंनी किंवा नणंदेने एकदा स्वतःहून विचारलं, तरी त्यांचा अर्धा त्रास हलका होईल.

काळजी आणि झटका एकमेकांना वाढवत असतील तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत समुपदेशक बोलतात. हे पोटाच्याच उपचाराचा भाग म्हणून करा. आणि शेवटी पुन्हा पैशाचं: खासगी रुग्णालयात दरपत्रक दर्शनी भागात लावणं २०२१ च्या राज्य नियमांनुसार बंधनकारक आहे. दिसलं नाही तर मागा, प्रत्येक पैशाची पावती घ्या, सगळे रिपोर्ट मूळ प्रतीत घरी न्या. पावती नाकारली किंवा सांगितल्यापेक्षा जास्त घेतले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथेही मराठीत तक्रार नोंदवता येते.